याफोची पायपेटी आणि बेझालेल भाऊजींची बोटं

आमचे मोठे दीर बेझालेल रोहेकर इस्राएलात आल्यावर किर्यात मलाखीच्या एका पॅकिंग हाउसात संत्र्यांच्या खोक्यांना खिळे मारायचे. एवढंच लिहिलं तर माणूस संपला असं वाटेल. पण मुंबईला, धोबी तलावच्या एका वाद्यांच्या दुकानात, त्यांनी सव्वीस वर्षं पेट्या दुरुस्त केल्या होत्या. दुकानात पुढे हातपेट्या असत आणि मागच्या खोलीत पायपेट्या, म्हणजे पायांनी भाता मारून वाजवायचे ते चर्चमधले लहान ऑर्गन. नाताळ आणि ईस्टर जवळ आला की माहीम, गिरगाव, वसईच्या चर्चमधून त्या हातगाडीवर बसून यायच्या. भाऊजी त्यांचे खोकले बरे करून त्यांना परत पाठवायचे. स्वतः मात्र कधी चर्चच्या आत गेले नाहीत. म्हणायचे, "आपण यहुदी, आपला धर्म वेगळा. आणि पेशंट दवाखान्यात येतो, लीया, दवाखाना पेशंटकडे जात नाही."

कान इतका तिखट की त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे शिक्षा. जाऊबाई मुंबईतच वारल्या, म्हणून इथे ते आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहत आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत. ताटावर बसले की सुरू. "तुझ्या कुकरची शिट्टी उतरलीय. मागच्या महिन्यात पांढरी पाचला होती. रबर बदल." सिनेगॉगमध्ये हझान प्रार्थना म्हणताना जरा सुरावरून घसरला की भाऊजी खोकायचे. बिचारा हझान शेवटी मला म्हणाला, "तुझ्या दिराला क्षय आहे का? डॉक्टरला दाखव."

१९७० साली पॅकिंग हाउसातल्या खिळे मारायच्या मशिनीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चावली. कुपात होलीम दवाखान्याच्या डॉक्टरने शिवली, आणि सांगितलं, ही आता एवढीच वाकतील. खोकं उचलायला तेवढी पुरेशी होती. पण त्या दिवसापासून भाऊजींनी पेटी म्हणून उघडली नाही. सिनेगॉगची मुंबईहून आणलेली हातपेटी एक पट्टी अडकून पडली होती, तिच्याकडेही बघेनात. "दुसऱ्या कोणाला दाखवा," म्हणायचे. दुसरं कोण होतं?

आता माझ्या १९७२ च्या वहीतून लिहिते. मार्च महिना. पेसाख तीन आठवड्यांवर आला होता, आणि मला सणाची वेगळी पातेली हवी होती, म्हणून मी याफोच्या जुन्या बाजारात गेले. पातेली धरायला भाऊजींना नेलं. तिथे करड्या झग्यातली एक सावळी सिस्टर एका भंगारवाल्याशी हिब्रूत हुज्जत घालत होती. भंगारवाला म्हणाला, "लाकडाच्या भावाने नेईन. चाकं तेवढी चांगली आहेत."

सिस्टर तोंडातल्या तोंडात मराठीत म्हणाली, "चाकं चांगली म्हणतो मेला. तुझ्याच पायांना लाव."

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही कुठल्या?"

ती दचकली. मग लाजून म्हणाली, "वसईची. इथे कोणाला कळेल असं वाटलं नव्हतं, नाहीतर मेला म्हटलं नसतं."

"म्हणा, म्हणा. मी मघापासून त्याच्याशी पातेल्यांवरून बोलतेय. तो आहेच मेला."

तिचं नाव सिस्टर इमेल्डा. तिथल्या तिथे उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. याफोच्या त्यांच्या चर्चमध्ये वीस माणसांचा गायकवृंद, त्याचा प्रमुख जिरिस नावाचा अरब न्हावी. त्यांची पायपेटी दोन वर्षं मुकी होती, उंदरांनी भाता खाल्लेला. पेटी नाही तर सूर धरायला काही नाही. "गाणं वरच्या मजल्यावर सुरू करतात, बाई, आणि प्रत्येक कडव्याला एक जिना उतरतात. शेवटचं कडवं तळघरात. फादर म्हणतात, ह्या ईस्टरला वाजली तर वाजली, नाहीतर भंगारात द्या. कोणी मेकॅनिक मिळत नाही."

"मेकॅनिक ना?" मी म्हटलं. "हे काय, माझ्यामागे पातेली धरून उभे आहेत."

भाऊजींच्या हातातलं झाकण खाली पडलं. कुठल्या सुरात पडलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता ते झाकण मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "तुला माझी बोटं दिसत नाहीत?"

"रोज दिसतात. माशाचे काटे काढताना छान चालतात."

"काटा मोडला तर मांजर खाईल. सूर मोडला तर?" मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "लीया, ह्या बोटांनी जमत नाही हे जोवर मला कळलेलं नाही, तोवर मी मेकॅनिक आहे. तू मला ते कळायला लावणार."

मला वाईट वाटलं. पण शब्द देऊन बसले होते, आणि माझ्या तोंडून गेलेला शब्द मागे घ्यायचं मला जमत नाही. भाऊजींनी एकच अट घातली. ते चर्चमध्ये जाणार नाहीत, पेशंट इकडे येईल. त्यांना वाटलं, एवढं मोठं धूड कोण कशाला आणेल. चौथ्या दिवशी भाजीच्या ट्रकमधून पेटी दारात हजर. त्यांचं घर वर, जिना अरुंद. आमचं तळमजल्यावर. म्हणजे ती माझ्या दिवाणखान्यात आली, पेसाखाच्या साफसफाईच्या ऐन मध्यात.

सुंदर होती हो दिसायला. पण समोरच्या फळीवर वीतभर क्रूस कोरलेला. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याच्यावर स्वयंपाकाचा एप्रन बांधला. आमचे हे, योएल, कामावरून आले, डबा ठेवला, बघत राहिले.

"ही कोण?"

"पाहुणी. ईस्टरपर्यंत आहे."

"एप्रन बांधलाय. कामाला लावणार आहेस का?"

आमच्या लेकीने, त्सिलाने, हिब्रूत विचारलं, "इमा, आपण आता ख्रिस्ती झालो का?" मी मराठीत सांगितलं, झालो नाही, आधी हात धू.

तीन दिवस भाऊजी पेटीची नुसती धूळ पुसत होते. कापूस, केरोसीन, मऊ फडकं. चाकांना तेल घातलं. चौथ्या दिवशी म्हणाले, भाता उघडायची गरज नाही, भोकावर बाहेरून ठिगळ लावतो. मी पेटीवाली नव्हे, पण शिवणाऱ्या घरातली आहे. उसवलेल्याला वरून ठिगळ लावणारा माणूस कशाला घाबरतो ते मला कळतं. मी काही बोलले नाही.

पण बोलायला रब्बी आले. आमच्या शिकूनचे, म्हणजे वसाहतीचे, रब्बी ट्युनिसचे, शांत माणूस. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की रोहेकरांच्या घरात चर्च आलंय. त्यांनी एप्रनकडे बघितलं. दुरुस्ती हे काम आहे, काम करावं, म्हणाले. मग विचारलं, "हे सगळं चिकटवलंय कशाने?"

भाऊजी खोटं बोलत नाहीत, हाच त्यांचा दोष. म्हणाले, "लाकडाला सरस. भात्याच्या कापडाला मैद्याची खळ."

मी खुर्चीवर बसले. पेसाखात घरात गव्हाच्या पिठाचा कण राहता कामा नये. त्यासाठी मी दोन आठवडे कपाटांच्या बिजागऱ्या काडीने कोरत होते, आणि दिवाणखान्यात एवढा मोठा भाता मैद्याने लडबडलेला उभा.

रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. "खळ जुनी आहे. कुत्राही खाणार नाही इतकी बिघडलेली असेल तर ते अन्न नाही, मग हरकत नाही. कुत्रा खाईल असं असेल तर सगळी काढावी लागेल."

कुत्रा होता. वरच्या अहुवाचा. अहुवा रुमानियाची, एकटी बाई, आणि तिचा बूबी नावाचा कुत्रा तिच्याहून नाजूक. उकडलेली कोंबडी सोडून दुसरं काही खायचा नाही, तीही कातडी काढून. आम्ही निर्धास्त झालो. भाऊजींनी भात्यावरून खळीची एक खपली काढली आणि मी ती बशीत घालून बूबीपुढे ठेवली. रब्बी, योएल, अहुवा, सगळे गोल उभे.

बूबीने वास घेतला. अहुवाकडे बघितलं. मग खपली खाल्ली, बशी चाटली, आणि चालत जाऊन थेट भात्यात तोंड घातलं.

"स्पष्ट आहे," रब्बी म्हणाले.

अहुवा म्हणाली, "त्याने दोन वर्षांत एवढ्या आवडीने काही खाल्लं नाही. ह्यात काय घालता तुम्ही?"

भाऊजींचा चेहरा मात्र पांढरा झाला होता. आता ठिगळ चालणार नव्हतं. भाता पूर्ण उघडायचा, कापड सोलायचं, नवीन घड्या घालायच्या, तेही पेसाखाच्या आदल्या दिवशीच्या सकाळच्या आत, म्हणजे आठ दिवसांत. सगळं काम त्या दोन बोटांनी.

पहिल्या दिवशी भाता सोलला. दुसऱ्या दिवशी नवीन कापडाची घडी घालताना बोटं वेळेवर वाकली नाहीत, कापड फाटलं. भाऊजींनी ते नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं, हात धुतले आणि वर निघून गेले. जेवायला आले नाहीत. त्सिलाबरोबर डबा पाठवला, तो तसाच परत आला. मी दाविदाची स्तोत्रं उघडली आणि एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, मलिदा बोलले. चर्चच्या पेटीसाठी मलिदा बोलणं बरोबर की चूक, ह्याचा विचार केला. मग म्हटलं, नवस पेटीसाठी नाही, बोटांसाठी आहे, आणि बोटं आमची आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच दार वाजलं. भाऊजी उभे, हातात पत्र्याचा डबा, मुंबईहून आणलेली हत्यारं. म्हणाले, "खळ कर. मैद्याची नको."

मी तांदळाच्या पिठाची केली. सणाचे तांदूळ मी तीन-तीनदा निवडून ठेवले होते, गव्हाचा दाणा चुकून नको म्हणून. त्यातलेच घेऊन दळले. योएल म्हणाले, "पेसाखाच्या तांदळाची खळ?" मी म्हटलं, "तुम्ही यंदा दोन घास भात कमी खा."

अहुवा दारातून बघत होती. तिच्याकडच्या लोकांत पेसाखात तांदूळही चालत नाही. ती म्हणाली, "मैदा काढला आणि तांदूळ घातला? हे म्हणजे चोर हाकलून त्याच्या भावाला ठेवून घेणं झालं." मी तिला सांगितलं, आमच्यात भाऊ चालतो.

आता भाऊजींनी बोटांवर जबरदस्ती करणं सोडलं होतं. न वाकणारी दोन बोटं त्यांनी घडीत सरळ ठेवली, पट्टीसारखी, आणि डाव्या हाताने कापड त्यांच्यावर दुमडलं. घडी सुरीसारखी बसली. वर बघून म्हणाले, "वाकत नाहीत म्हणून सरळ बसली." एवढंच. पण त्या दिवशी तीन चपात्या जास्त खाल्ल्या. सणाआधी पीठ संपवायचंच होतं, मला बरंच झालं.

पॅकिंग हाउसातून चारला सुटायचे ते थेट माझ्या दिवाणखान्यात. पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पात्या, एकेक बाहेर काढून घासायचे, कानाशी धरायचे, परत बसवायचे. मी त्यांच्या भोवतीची फरशी पुसायची. "पाय वर करा, भाऊजी." पाय वर. "खाली करा." खाली. पेटी पुसून झाली की मी त्यांच्या चष्म्यावरूनही फडकं फिरवायची.

मंगळवारी सगळे सूर बसले. एक जागा तेवढी रिकामी राहिली, तिचा बाहेरचा खटका कधीचा तुटलेला. भाऊजींनी पत्र्याच्या डब्यातून मुंबईचा एक सूर काढला, काळी एकचा, आणि तिथे बसवला. "कंपनीने जागा ठेवली आणि भरायला विसरली," म्हणाले. "माझ्याकडून त्यांना एवढं जास्त."

मग स्टुलावर बसले, पाय मारले, आणि त्यांच्या वडिलांची चाल वाजवली. आमचे सासरे रेवदंड्याकडे योसेफाच्या गोष्टीचं कीर्तन करायचे, चाली स्वतः लावायचे. त्यातलीच ती, भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तिथली. योएल दारात उभे राहिले आणि खाकरले. जिन्यावर माणसं जमली. खालून एक सूर भरून राहिलेला, वर चाल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, योएलना वाटलं नाही. एकटी अहुवा म्हणाली, "आत माशी अडकलीय. सारखी गुणगुणतेय." मी मनात म्हटलं, हिला गाण्यातलं काय कळतंय.

बुधवारी सकाळी ट्रक आला. वाजवून बघायला वेळ नव्हता, अंगणात हामेत्स, म्हणजे घरात उरलेलं पावपीठ, जाळायला मुलं लाकडं रचत होती. शिवाय सिस्टरने कळवलं होतं की उपासाच्या दिवसांत त्यांच्याकडे पेटी वाजत नाही, एकदम ईस्टरला. मी एप्रन सोडून घेतला. पेटी गेली, मी तिच्या जागेवरची फरशी शेवटची पुसली आणि सण लागला.

असा पेसाख मी पाहिला नाही. सेदेरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्री, भाऊजी हगादाची पोथी वाचताना मध्येच थांबायचे. रविवारी सकाळी घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता बसले असतील." थोड्या वेळाने, "पहिल्या गाण्यात घडी सुटत नाही. चौथ्या-पाचव्यात सुटते, हवा तापली की." दुपारी, "सुटली असेल तर त्यांनी सांगायला हवं." आमच्याकडे टेलिफोन नव्हता. भाऊजी उजवा हात खिशात घालून गॅलरीत उभे राहायचे आणि रस्त्यावर याफोची बस दिसली की आत यायचे.

सण सरल्यावर, तिसऱ्या दिवशी, सिस्टर इमेल्डा आली. बरोबर जाड मिशांचा जिरिस, हातात संत्र्यांची पिशवी. पॅकिंग हाउसातल्या माणसाला संत्री आणली म्हणून योएलना हसू येत होतं, मी डोळ्यांनी दाबलं. मी चहा ठेवला. सिस्टर म्हणाली, भरलेल्या चर्चमध्ये पेटी काय वाजली, फादरनी दोनदा वळून बघितलं. भाऊजी हात टेबलाखाली घालून ऐकत होते.

"पण एक गोष्ट झाली," सिस्टर म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "घडी सुटली."

"नाही. एक सूर बंदच होत नव्हता."

जिरिसने हिब्रूत सांगितलं. पहिलं गाणं सुरू केलं तर खालून एक सूर निघाला आणि राहिलाच. गाणं संपलं, तो चालूच. फादर हात जोडून प्रार्थनेला उभे राहिले, तरी भात्यातली हवा संपेपर्यंत तो चालूच. म्हातारी माणसं वर बघायला लागली. दुसरं गाणं वेगळ्या पट्टीतलं होतं, ते त्या सुराशी भांडायला लागलं, तेव्हा जिरिसने घाम पुसत सगळी गाणी त्याच्याच पट्टीत आणली. "आणि काय सांगू, हबीबी, अकरा वर्षांत पहिल्यांदा माझे गाणारे जिथे चढले तिथेच राहिले. एक जिना उतरले नाहीत. तो सूर उतरूच देत नव्हता." मग कपाळाला हात लावला. "पण तो बंद कसा करायचा? मी सगळे खटके ओढून पाहिले."

"त्याला खटका नाही," भाऊजी म्हणाले. "बंद कशाला करायचा?"

जिरिस सिस्टरकडे बघत राहिला. सिस्टर वसईची, तिला पेटी माहीत होती. तिचा चेहरा हळूहळू उजळला आणि तिने तोंडावर हात घेतला. आम्हा सगळ्यांनाच मग उलगडलं. आपल्याकडे पेटी म्हटली की खाली एक सूर धरून ठेवायचा, त्याच्यावर गायचं. तो नाही तर गाणं उघडं पडतं. भाऊजींनी तो चर्चच्या ऑर्गनला लावून दिला होता, कायमचा. मुंबईच्या दुकानात मालकाने हे करू दिलं नसतं. इथे मालक नव्हता, आणि ऐकणारे आम्ही, आम्हालाच तर तो हवा होता.

भाऊजी पुढे झुकले. "म्हणजे घड्या धरल्या?"

"सगळ्या धरल्या."

"सूर सगळे बोलले? वरचे बारीकसुद्धा?"

"सगळे."

"म्हणजे बोटांची चूक नाही."

"बोटांची नाही," सिस्टर म्हणाली.

"डोक्याची आहे."

"डोक्याचीच आहे, भाऊ."

मी माणसाला स्वतःचं डोकं बिघडलं म्हणून इतकं खूश झालेलं पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, त्या दोन बोटांसकट, आणि जिरिसच्या पिशवीतलं संत्रं घेऊन सोलायला लागले. योएल म्हणाले, "तरी मी सांगत होतो, ह्याचं डोकं आधीपासूनच." भाऊजींनी त्यांनाही एक फोड दिली.

मग ठरलं की सूर ठेवायचा, पण त्याला खटका बसवायचा, म्हणजे फादर प्रार्थनेला उभे राहिले की तो गप्प बसेल. पेटी चर्चच्या अंगणात चिंचोळ्या दारातून बाहेर काढायची, आत भाऊजी जाणार नाहीत. जिरिस म्हणाला, गुरुवारी दाराचा एक पल्ला काढू. मलिदा मी त्याच आठवड्यात केला. एक वाटी सिस्टरला पाठवायचा की नाही ह्यावर माझ्या वहीत दोन पानं आहेत. पाठवला.

सोमवारी सकाळी भाऊजींनी पॅकिंग हाउसात मुकादमाकडे गुरुवारची सुट्टी मागितली. मुकादम अमिराम, जवान पोरगा, वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "आजारी आहेस?"

"नाही."

"लग्न? बारमिट्झ्वा?"

"नाही," भाऊजी म्हणाले, "काम आहे."

अमिरामने डोकं वर केलं. "काम तर हे आहे, बेझालेल."

भाऊजींनी खोक्यांच्या रांगेकडे बघितलं. मग सभ्यपणे म्हणाले, "हो, हेही आहे," आणि सुट्टीच्या कागदावर सही केली.